पंखा कुठं पंखा झाला

आमच्या शेडमधले कासमचाचा पंख्याला रागावतात. बिघडलेल्या पंख्याला नव्हे, चांगल्या कोऱ्या, नुकत्याच जोडलेल्या पंख्याला. त्याला समोर टेबलावर बसवतात, चष्मा कपाळावर चढवतात, उलटा करून बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचतात आणि म्हणतात, "लाज नाय वाटत? मोटार एका मुलखाची, पाती दुसऱ्याची, जाळी तिसऱ्याची. आणि नाव कुणाचं लावून फिरतोस?" पंखा काही बोलत नाही. मग चाचा आमच्याकडं वळून म्हणतात, "बघा. हाय का उत्तर त्याच्याकडं?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय आणि हे पंख्याच्या आडून मला बोलतायत. मी स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि मान खाली घातली. शेजारी बसलेली मंगल म्हणाली, "अगं तुला नाय, पंख्याला. तू आपली स्क्रू पिळ."

खालापूरच्या टोलनाक्यापासून थोडं आत आमची पत्र्याची शेड आहे. बाहेरच्या देशांतून टेबलफॅनचे सुटे भाग खोक्यांतून येतात आणि आम्ही बायका ते जोडतो. मोटार आत तार गुंडाळून आयती भरलेली येते. आम्ही ती बुडावर बसवायची, पाती लावायची, जाळी चढवायची, पंखा फिरवून बघायचा आणि खोक्यात घालायचा. चाचा स्टोअर सांभाळतात. माल उतरवून घेणं आणि तयार पंख्यावर पट्टी लावणं त्यांच्याकडं. त्याआधी कितीतरी वर्षं ते बंदरावर एका क्लिअरिंग एजंटाकडं होते. तिथं बोटीतून आलेला माल नक्की कुठल्या देशाचा, हे ठरवायला लागायचं, कारण जकात त्यावर ठरते. एका देशातून निघालेल्या वस्तूचे अवयव चार देशांतले असतात. मग तिला कुठली म्हणायचं?

चाचांचे त्यासाठी तीन प्रश्न ठरलेले आहेत. "नाव बदललं? रूप बदललं? काम बदललं?" तिन्हीला हो आलं तर ती वस्तू तिथं बनली. नाही आलं तर नुसती जोडली.

बंदर सुटलं, पण प्रश्न सुटले नाहीत. एकदा चहाच्या सुट्टीत मंगलनं भेळ आणली. चाचांनी पुडा हातात घेऊन बराच वेळ बघितला. "कुरमुरा आत गेला तेव्हा कुरमुरा होता, अजून कुरमुराच हाय. कांदा कांदाच. म्हणजे भेळ बनत नाय, भेळ जुळते. वडा बनतो. बटाटा कुठलापण असू दे, वडा झाला तो कढईत, म्हणून कर्जतचा वडा कर्जतचाच."

"आणि वडापाव?" मंगलनं विचारलं.

"जोडलेला माल."

"मग चाचा, माझा संसार बनलाय का जुळलाय?"

"तुझ्या नवऱ्याचं नाव बदललं? रूप बदललं? काम बदललं?"

"कामच नाय, बदलतंय काय!"

सगळ्या हसल्या. चाचा हसले नाहीत. प्रश्न त्यांनी मनापासूनच विचारला होता.

त्यांची बायको एकदा विसरलेला डबा घेऊन आली होती. ती सांगत होती, कशेळ्याला एका लग्नात आहेराचा मिक्सर मांडून ठेवलेला, तो ह्यांनी मांडवात सगळ्यांसमोर उलटा केला आणि पट्टी मोठ्यानं वाचली. नवरीचा मामा समोरच उभा होता. त्यानंच आणलेला मिक्सर. "मी ओढणीत तोंड घातलं ते घरी येऊनच काढलं," ती म्हणाली. ऐकूनच माझे कान तापले. मी तिथं असते तर मांडवाच्या मागच्या बाजूनं शेतात पळाले असते.

मला लाजच फार. नाव विचारलं तरी मी मंगलकडं बघते. आमच्या वाडीवर शाळा चौथीपर्यंत होती. पुढं कशेळ्याला उतरायचं तर पोरीला एकटीला कोण पाठवणार, म्हणून मी घरी राहिले. चारचौघांत बोलायची सवय लागायची ती लागलीच नाही. शेडमध्ये सगळ्या मला "बोल की गं" म्हणतात आणि मग मी आणखीच गप्प होते. चाचांनी मात्र मला तसं कधीच म्हटलं नाही. खोकं माझ्यापुढं ठेवतात, मी मान हलवते, ते पुढं जातात.

पावसाळा सरता सरता शेठ एक गठ्ठा घेऊन आले. नव्या पट्ट्या होत्या. जुन्या पट्टीवर 'असेंबल्ड इन इंडिया' असायचं. इथं जोडलेला, असा त्याचा अर्थ चाचांनीच आम्हाला सांगितला होता. नवीवर 'मेड इन इंडिया' होतं.

"मुंबईच्या मोठ्या दुकानवाल्यांची ऑर्डर हाय," शेठ म्हणाले. "त्यांना इथं बनलेलाच पंखा पाहिजे. उद्यापासून ह्या लावा."

चाचांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. "शेठ, आपण बनवत नाय. पंखा झाला तो मोटार भरली तिथं. आपण जोडतो."

"जोडणं म्हणजे बनवणंच की, चाचा."

"मग तुमच्या लग्नात ज्यानं मांडव जोडला तो तुमचा सासरा झाला का?"

मंगलनं तोंडाला पदर लावला. शेठ मात्र हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ही ऑर्डर गेली तर दिवाळीनंतर शेड बंद करावी लागंल. तसं तुम्हीच सांगा ह्या बायांना."

चाचांनी आमच्याकडं बघितलं. एकेकीकडं बघितलं. मग तो गठ्ठा स्टोअरच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. त्या दिवशी कुठल्याच पंख्याला रागावले नाहीत.

ऑर्डर पक्की करण्याआधी दुकानवाल्यांची एक मॅडम शेड बघायला येणार होती. शेठनं कुठूनतरी मोटार भरायचं हातमशीन आणलं. हँडल फिरवलं की तांब्याची तार फिरकीवर गुंडाळली जाते, तसलं. त्यावर अर्धी गुंडाळलेली तार आधीच होती. ते कुणाच्या पुढं ठेवायचं ह्यावर शेठ विचार करत उभे राहिले आणि मग माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "हिच्यापुढं बरं. ही बोलत नाय, म्हणजे उलटसुलट काय निघणार नाय."

मॅडम आली ती माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती. सगळ्यांशी हसून बोलत होती, आणि नेमकी माझ्यापाशी थांबली. खाली वाकून म्हणाली, "वा! ताई, ही कॉइल तुम्ही स्वतः करता?"

एवढ्या मायेनं कुणी विचारलं की जास्तच लाज वाटते. 'हो' म्हणायचं होतं, ते खोटं होतं. 'नाही' म्हणायचं तर सगळ्यांच्या पोटावर पाय येत होता. पण खरं सांगायचं तर मी एवढा विचारही केला नाही. माझा आवाजच फुटेना. मी त्या तारेकडं बघत राहिले. मागून मंगल कुजबुजली, "हो म्हण गं, हो म्हण," आणि ते शेडभर ऐकू गेलं. शेठ खोकले. मॅडमचं हसू कमी कमी होत गेलं. तिनं शेठकडं बघितलं, मग मशीनकडं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते टेबलावर पडलं, आणि ते पुसायलासुद्धा मला हात हलवता येईना.

"हीच करते, मॅडम."

चाचा होते. कपाटापासून दोन पावलं पुढं आले होते. "मोटार हीच भरते. लाजाळू हाय, नव्या माणसापुढं हात चालत नाय तिचा. थांबा, मी दाखवतो कसं करते ती."

ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि हँडल धरलं. तार बोटांत घेऊन त्यांनी अशी काही फिरवली की एकाला एक लागून वेढे बसत गेले. आम्ही सगळ्याच बघत राहिलो. मॅडम म्हणाली, "किती सुरेख! मग तर हा पंखा खरोखर तुमचाच," आणि पुढच्या टेबलाकडं गेली.

ऑर्डर मिळाली. शेठनं वडे मागवले. मंगल चाचांपुढं कागद धरून म्हणाली, "चाचा, वडा बनलेला माल हाय, खा की." त्यांनी नको म्हणून हात केला. कपाट उघडलं, पट्ट्यांचा गठ्ठा काढून शेठच्या टेबलावर ठेवला आणि घरी गेले. मी माझा वडा कागदात तसाच ठेवला. ज्यांनी पंख्याचंही खोटं कधी चालवून घेतलं नाही, त्यांना माझ्यामुळं भरल्या शेडमध्ये खोटं बोलायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आले तर चाचा आधीच माझ्या टेबलापाशी बसलेले. मशीन घट्ट बसवलेलं. शेजारी तांब्याच्या तारेचं नवं रीळ आणि एक जळकी मोटार.

"बस," ते म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते. "पोरगा होतो तेव्हा खोपोलीत मोटारी भरायचो मी. बंदरावर जायच्या आधी. अवघड नाय. हाताला कळतं."

मी बसले.

"काल तुझ्या नावावर मी जे बोललो ते खोटं होतं. घरी जेवण गेलं नाय. बायको विचारती काय झालं, तिला सांगता येईना." ते जळक्या मोटारीतली काळी तार उपसत होते. "आता ते खरं करायला पाहिजे. मला एकट्याला नाय करता येत. तू शिकलीस तर होईल."

तेवढ्यात शेठ आले. "चाचा, तयार मोटारी खोकंच्या खोकं भरून पडल्यात. हा खटाटोप कशाला?"

"मी सांगितलंय की ही भरते."

"अहो, ऑर्डर झाली. ती मॅडम काय रोज येणार हाय का बघायला?"

"ती नाय येणार," चाचा म्हणाले. "मी येतो ना रोज."

शेठनं तारेचं रीळ उचलून बघितलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत करा काय ते," आणि निघून गेले.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसतो, पण त्या पहिल्या दुपारी चाचांची मान वर होत नव्हती. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी हँडल फिरवलं, वेढे एकमेकांवर चढले. त्यांनी तार उलगडली आणि फिरकी परत माझ्यापुढं ठेवली. दुसऱ्यांदा तार तुटली. ती त्यांनी बाजूला ठेवली, नवी ओढून दिली. रागावले नाहीत, काही सांगितलंही नाही. सांगायचा हक्क आपल्याला राहिला नाही, असं त्यांना वाटत असावं. समोर बसून नुसते माझ्या हातांकडं बघत होते.

मी हँडल सोडून दिलं.

"चाचा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. पलीकडं मंगल जेवता जेवता थांबली. "तार किती ताणून धरायची, सांगा ना."

तेव्हा कुठं त्यांनी वर बघितलं.