दाभाडे सरांनी अडवलेलं अपडेट

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. दाभाडे सरांच्या माघारी त्यांच्या सर्व्हरला मी हात लावला होता, आणि त्यांनी विचारल्यावर नाही म्हणालो.

सर आमच्या गारखेड्यातल्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायचे. कुठलंही सॉफ्टवेअर पॅकेज टाकायचं तर आधी त्याची सोयरीक बघायचे. कोणतं पॅकेज कोणावाचून चालत नाही, याची वंशावळ त्यांनी भिंतभर चिकटवली होती. आम्ही घाई केली की म्हणायचे, "काळे, लग्नाआधी पाव्हणे विचारलेच ना तुझे? एकाला हलवलं की अख्खी भावकी उठून येती." अपडेटच्या आधी हातपाय धुऊन बसायचे.

सर्व्हरच्या बंद खोलीतून मात्र अधूनमधून बाईचा आवाज यायचा. "अहो, नळ आला. निघा." आत कुणी नसायचं. सर जागेवरूनच "व्हय, निघालोच" म्हणायचे आणि अर्धा डबा तसाच ठेवून स्कूटरला किक मारायचे. आमच्याकडं नळाला पाळी असते. चुकली की आठवडा कोरडा. वहिनी स्पीकरवर फोन करत असतील, असं मी धरून चाललो. फोन वाजलेला कधी ऐकला नाही.

सर लग्नाला कन्नडला गेले तेव्हा साहेबांनी मला बोलावून विचारलं, सगळ्या मशीनींवर अपडेट आलं, सरांच्या खोलीतल्या त्या एकीवरच का नाही? पाहिलं तर आवाजाची एक जुनी लायब्ररी सरांनी मुद्दाम अडवून ठेवलेली, आणि तिच्यामागं बाकीची पॅकेजं खोळंबलेली. मी अडवणूक काढली. मशीननं बजावलं, नवी लायब्ररी घेतली तर जुनीवर चालणारं एक पॅकेज काढावं लागेल. त्याचं नाव 'कुसुम'. हेच नाव सरांच्या डब्यावर कोरलेलं मी रोज वाचायचो. तरी 'हो' दिलं. टोमण्यांचा राग होता. वर जागा मोकळी करायला त्याच्या जुन्या बॅकअप प्रतीही पुसल्या.

सर परतले ते पाळीच्याच दिवशी, सकाळ उलटल्यावर. खोली गप्प राहिली. सर दाराकडं बघत बसले.

"आज नळ नाय आला वाटतं."

"आला की, सर. दुपारीच," शेजारच्या टेबलावरच्या जोशी मॅडम म्हणाल्या. "वहिनींनी कळवलं नाही?"

मॅडम आणि मी, दोघंही ऑफिसात अलीकडचे; सरांच्या घरचं ठाऊक नव्हतं.

"ती जाऊन सहा वर्षं झाली," सर म्हणाले. "आवाज भरून ठेवला होता तिचा, पाळीच्या वेळेला वाजेल असा. तेवढाच होता." मग हळूच, "कुणी हात लावला का मशीनला?"

"नाही, सर." सगळ्यांच्या आधी मीच म्हणालो.

कोणता हुकूम कुणी दिला, ते मशीनच्या लॉगमध्ये नावानिशी पडतं. सर रोज सकाळी तो लॉग पेपरसारखा वाचायचे. दुसऱ्या दिवशीही वाचला, माझ्यासमोर, शेवटपर्यंत. मग काय बिघडलं विचारणाऱ्या साहेबांना म्हणाले, "मशीन जुनी हाये, साहेब. आपोआप गेलं." आणि मला एवढंच, "काळे, नळाच्या दिवशी आठवण करत जा, बाबा."

सर आता निवृत्त आहेत. आठवण मी करतो, न चुकता. तो आवाज मी पुसला, हे माझ्या तोंडून त्यांना सांगणं अजून बाकी आहे.