डबा नाव सांगत नाही

डिजिटल व्यवहारात ग्राहकाची गोपनीयता पूर्णपणे सुरक्षित असते. सुरतेत, आमच्या नवागामच्या गल्लीत, कुंदनशेठच्या मेडिकलमध्ये तर विशेषच. ग्राहक पिन टाकू लागला की कुंदनशेठ सभ्यपणे मान फिरवतो. माल काळ्या पिशवीत गुंडाळतो. मग काउंटरवरचा बोलका डबा नाव, गाव, आजार काहीही उघड न करता फक्त रक्कम सांगतो (चौथ्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात).

आता रक्कम म्हणजे काही माणूस नव्हे. पण गल्लीला दर पाठ आहेत. बावीस म्हणजे डोकं, चाळीस म्हणजे जुलाब, एकशेदहा म्हणजे जे घरात कळता कामा नये ते (नवरा सोडून सगळ्यांना कळतं). सत्तावन्न म्हणजे दिवस गेलेत का, ते बघायची पट्टी. हे दर नव्वद टक्के बायकांना येतात. उरलेल्या दहा टक्के सध्या माहेरी गेल्यात.

विशाखाच्या लग्नाला सहा वर्षं झाली. आजवर पाच वेळा गल्लीने पेढ्यांची वाट पाहिली आणि पाचही वेळा घरी येऊन तिचं सांत्वन केलं. ते सांत्वन तिला जास्त झोंबलं. या खेपेला आधी आपलं आपण बघायचं, मग काय ते सांगायचं, असं तिने ठरवलं आणि पाचशेची नोट घेऊन गेली. कुंदनशेठ म्हणाला, छुट्टे नाहीत बेन, स्कॅन करा. विशाखा हुशार. तिने जोडीला अडतीसचा बाम घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा हातात धरला.

"पंचाणु रुपिया मळ्या," डबा ओरडला.

समोरच्या बाकड्यावर पार्वतीबाई मेथी निवडत होत्या. शाळा तिसरीपर्यंत, पण वजाबाकी पक्की: पंच्याण्णवातून बामाचे अडतीस गेले.

"कितला दिन वर गयात वं पोरी?" त्यांनी मायेनं विचारलं.

विशाखा घरी पोचली तर सासूबाई, अंजनाबाई, दारातच उभ्या. त्यांनी पाण्याची बादली तिच्या वाटेतून उचलली आणि जड काही उचलू नकोस म्हणाल्या. बाकी कोणी एक अक्षर विचारलं नाही. गोपनीयता म्हणतात ती हीच. विशाखाने मोरीची कडी लावली. बाहेर मिक्सर थांबला, टीव्ही थांबला.

पट्टीवर किती रेघा उमटल्या, ते फक्त विशाखाला माहीत आहे. पट्टीला आवाज नसतो, ही त्या मालातली मोठीच उणीव.

तुम्हीही तेच ऐकायला इथवर थांबलात ना? या, बसा. पार्वतीबाई बाकड्यावर जरा सरकल्या आहेत.