साथीला निकम

तात्या निकमांशी बोलताना वाक्य जपून संपवावं. शेवटचे दोन शब्द ते उचलतातच. मी कुंपणावरून म्हणावं, "तात्या, आज फार उकडतंय," की पलीकडून आलंच, "फार उकडतंय..." तेही सूर जरा खाली ओढून. नवख्याला वाटतं, म्हातारा वेडावून दाखवतोय. सांगलीच्या बाजारात एका भाजीवालीनं त्यांच्यावर मेथीची जुडी उगारली होती. डॉक्टर म्हणाले, "मोठा श्वास घ्या." तात्या म्हणाले, "श्वास घ्या..." आणि बिचाऱ्या डॉक्टरांनीच तो घेतला.

दोष तात्यांचा नाही, व्हायोलिनचा आहे. कोरेगावाकडच्या ऊसवाल्या घरातले हे. थोरला भाऊ फौजेत गेला, आणि तात्या व्हायोलिन काखोटीला मारून सांगलीला आले, आणि पुढं साताऱ्याच्या एका मोठ्या बुवांच्या साथीला बसले. तब्बल अडतीस वर्षं! साथीचा धर्म काय, तर गवयानं ओळ म्हणायची आणि व्हायोलिननं तिचं शेपूट धरायचं. ही सवय अंगात इतकी मुरली की लग्नही तिनंच जमवलं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी पसंत हाय?" मान खाली घालून बसलेल्या तात्यांच्या तोंडून गेलं, "पसंत हाय..." झालं! सासऱ्यांनी लगोलग साखरपुडाच उरकला.

"मी तवर वर बघितलंबी न्हवतं," तात्या मला सांगतात. "पण मास्तर, लय गुणाची निघाली." काकूंना जाऊन आता चार वर्षं झाली.

बुवा मोठे कडक. पलूसला एकदा तात्या रंगात येऊन त्यांच्या जरा पुढं गेले आणि श्रोत्यांतून वाहवा आली. बुवांनी गाणं थांबवलं. "निकम, आज आपण गाताय का?" त्यानंतर तात्या कधी पुढं गेले नाहीत. कार्यक्रमाच्या पत्रकावर पार तळाला, छापखान्याच्या नावाशेजारी, बारीक अक्षरांत 'साथ: निकम' असायचं. मला त्याचा संताप यायचा, त्यांना नाही. "आपण मागचं माणूस," म्हणायचे. तरी काय दिवस होते ते! देवळाच्या मंडपात सतरंज्या, गवती चहाचा वास, आणि बुवांची तान कुठं उतरते याची वाट बघत हनुवटी किंचित वर केलेले तात्या. आठवलं की अजून जीव हळहळतो.

यंदा तात्यांना पंचाहत्तरावं लागलं आणि मी हट्टाला पेटलो. एकट्या तात्यांचं वादन झालंच पाहिजे! त्यांना बजावलं, "येत्या गुरुवारी, संध्याकाळी सहाला, तुम्ही वाजवायचं. ठरलं?"

"ठरलं..."

मी उत्साहानं पत्रिका छापल्या, गावभर वाटल्या. बुधवारी तात्या म्हणतात कसे, "उद्या मला कसं जमंल? गुरुवारी मी साताऱ्याला असतो."

"अहो, तुम्हीच ठरलं म्हणालात!"

"ते व्हय? ते तुमचं वाक्य संपलं, म्हून."

तीस वर्षांचा शेजारी मी. माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे!

गुरुवारी सकाळी त्यांच्या मागोमाग मीही एसटीत चढलो. साताऱ्याचं काम उरकलं की मानगूट धरून सहाच्या आत परत आणायचं, एवढाच माझा बेत. उंब्रज मागं पडेपर्यंत मी दहा वेळा घड्याळ बघितलं.

तात्या थेट बुवांच्या घरी गेले. सूनबाईंनी दार उघडलं. बुवा खुर्चीत बसले होते. दोन वर्षांपूर्वीच त्यांची स्मृती गेली, माणसं ओळखू येईनात, हे मला माहीत होतं. तात्या दर गुरुवारी इथं येतात, हे मात्र ठाऊक नव्हतं. तात्यांनी खाली बसून व्हायोलिन जुळवलं आणि गप्प राहिले. एक ओळ गायला लागेल, तेवढा वेळ. मग तिचं शेपूट वाजवलं. पुन्हा गप्प. पुन्हा शेपूट. असं तासभर चाललं. बुवा खिडकीबाहेर बघत होते.

"डॉक्टर म्हणाले होते, गाणं कदाचित परत येईल," सूनबाई हळूच म्हणाल्या. "अजून एक सूरही आला नाही. पण हे यायचं सोडत नाहीत."

मला राहवेना. "तात्या, बुवांची ओळही तुम्हीच वाजवा की. तुम्हाला सगळं येतंय."

"सगळं येतंय..." तात्या म्हणाले. मग गज मांडीवर ठेवून, "पण ती बुवांची जागा हाय. ती मीच भरली, तर त्यांनी गायाचं कुठं?"

माझे डोळे भरून आले. काय माणूस हा, आणि मी त्याला मानगूट धरून न्यायला आलो होतो! बाहेर जाऊन सांगलीला फोन लावला आणि कार्यक्रम रद्द करायला सांगितलं.

परत आत आलो तेव्हा तात्या व्हायोलिन पेटीत ठेवत होते. बुवांनी मान वळवून त्यांच्याकडं नीट बघितलं.

"छान वाजवता हो," बुवा म्हणाले. "कुणाच्या साथीला असता?"

तात्यांनी हात जोडले.

"तुमच्याच, बुवा."