वस्तराबहाद्दरांनी गप्पांचा मुलूख सोडविला, ती हकीकत

बोलणे हे मनुष्यमात्राचे वतन. ते कैसे बुडाले आणि एका खुर्चीपुरते कैसे परत आले, याची कैफियत लिहितो, ती सज्जनांनी चित्त देऊन श्रवण करावी.

भर पेठेत केस कापण्याचे दुकान आणि तेथील धनी राजश्री वस्तराबहाद्दर. खांद्यावर टॉवेल, हाती कात्री, आणि तोंडाचा पट्टा ऐसा की गिऱ्हाईक दाढीस येई आणि बोलण्यात गुंतोन केसही कापून जाई. मग काळ फिरला आणि मोबाइलशाहीने सारा मुलूख व्यापिला. गिऱ्हाईक बसे ते मान खाली घालोन, आणि पोराबाळांची विचारपूस करावी तर "हं" एवढाच जबाब. घरी खाशा सौभाग्यवती आणि ज्येष्ठ चिरंजीव, तेही त्याच शाहीचे मनसबदार.

अशात बहाद्दरांच्या डाव्या डोळ्यापुढे धुके येऊ लागले. हे वर्तमान घरी सांगू जाता, "थांबा, एवढं बघू द्या" ऐसा हुकूम सुटला. बहाद्दर मनातून घाबरले होते, आणि ती भीती ऐकायला एक कान मिळेना.

मग मसलत केली. गिऱ्हाइकाच्या अंगावर घालावयाच्या कापडास हात बाहेर काढण्याची भोके होती, ती शिंप्याकडोन बंद करविली आणि फर्मान काढिले की, खुर्चीवर बसणाराचे हात कापडाखालीच राहतील. पहिल्याच दिवशी कापडाखाली फोन वाजला, आत झटापट जाहली, एक कल्ला वर गेला, एक खाली राहिला, आणि गिऱ्हाईक तणतणत निघोन गेले. बहाद्दरांनी कच खाल्ली नाही.

दुसरे दिवशी ग्रंथालयाचे ग्रंथपाल दाढीस आले. गृहस्थ मूळचेच अबोल, त्यात मोबाइलशाहीचे इमानी चाकर. हात कैद जाहले. त्यांनी आरसा पाहिला, मग पंखा पाहिला, मग बंद पडलेले घड्याळही पाहिले, आणि पाहावयाचे काही उरले नाही तेव्हा गालभर फेस, गळ्याशी वस्तरा, ऐसे समयी केवळ निरुपायाने पुसिले,

"बाकी, तुमचं कसं चाललंय?"

बहाद्दरांचा हात थबकला. हा सवाल त्यांनी जन्मभर दुसऱ्यांस केला होता. "मजेत" म्हणावयास तोंड उघडिले आणि निघाले ते खरे.

"डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही हो."

ग्रंथपालांनी गळ्याशी टेकलेले पाते आरशात पाहिले. हात कापडाखाली, पळावयास वाट नाही, आवंढा गिळण्याचीही सोय नाही. मोठमोठे सरदार ऐशा प्रसंगी गर्भगळीत होतात. परंतु या गृहस्थाने, देव त्याचे भले करो, ओठ न हलविता पुसिले,

"कधीपासून?"

येणेप्रमाणे एका सवालावर दुसरा सवाल येऊन फत्ते जाहली. बहाद्दर बोलत राहिले आणि ग्रंथपाल ऐकत राहिले. मग दुकानास कुलूप घालोन दोघे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रवाना जाहले, तेव्हा ग्रंथपालांची दाढी अर्धीच जाहली होती, आणि भर बाजारातून ते तसेच चालले, हे दप्तरी नमूद केले असे.