मास्तरांनी शिवलेला मासा

मास्तरांनी अकरा महिने रोज संध्याकाळी फोनवर खोटं बोलून काढले, आणि शनिवारी ते खोटं अंगाशी आलं.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की दोन पिढ्यांच्या गणवेशाच्या चड्ड्या त्यांनी शिवल्या होत्या. मास्तरीणबाई गेल्यापासून ते घरात एकटेच होते. मुलगी दुसऱ्या गावात मुख्याध्यापिका होती आणि पोरांची हजेरी घेऊन झाली की संध्याकाळी बापाची घ्यायची.

"काय जेवलात, बाबा?"

मास्तर हातातलं केळं टेबलावर ठेवायचे आणि सांगायचे, "भात केला, भाजी केली. पोट तट्ट भरलंय बघ." खरं जेवण म्हणजे ब्रेड आणि केळं. कधी ब्रेड आणायचा कंटाळा आला तर नुसतं केळं. एकदा खिडकीतून कुणाच्या तरी घरचा खमंग वास आला, म्हणून ते बोलून गेले, "आज मी ओव्हनमध्ये मासा भाजला." तिकडे मुलीचा आवाज असा काही खुलला, की मास्तरांना मोह आवरेना. मग दर आठवड्याला मासा भाजला जाऊ लागला. ओव्हन मात्र मास्तरीणबाईंनी शेवटचा बंद केला होता, तो तसाच बंद होता.

शनिवारी मुलगी म्हणाली, "उद्या संध्याकाळी सातला आम्ही दोघं येतोय. तुमचा तो मासाच करा."

"उद्या? अगं, इतक्या लांब कशाला दगदग..."

"आणि बाबा, मी मोठी बॅग घेऊन येतेय. तुम्ही नीट करून खाताय असं मला दिसलं, तर ती रिकामी परत जाईल. नाहीतर तुमचे कपडे भरून. मग वाद नको."

फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ मशीनकडे बघत बसले. मुलीचं घर सहाव्या मजल्यावर होतं, छान होतं, आणि त्यात शिलाई मशीन ठेवायला जागा नव्हती. तिथं मास्तरांना एक पलंग मिळाला असता, टीव्हीचा रिमोट मिळाला असता, आणि मग मरेपर्यंत काही करायला मिळालं नसतं. त्यांना रडू आलं. पण रडून मासा भाजला जात नाही, म्हणून ते सकाळी लवकर बाजारात गेले.

"भाजायला चांगला, पण सोपा मासा द्या," ते मासेवाल्याला म्हणाले.

"हा घ्या. आत लिंबाच्या चकत्या, चार पाकळ्या लसूण. वरून मीठ, तेल. ओव्हन तापवा आणि पंचवीस मिनिटं आत टाका."

"बस एवढंच?"

"एवढंच. माझा मेव्हणासुद्धा करतो."

मेव्हण्याची लायकी मास्तरांना माहीत नव्हती, पण त्यांना धीर आला.

संध्याकाळी सहा वाजता ते स्वयंपाकघरात टेबलापाशी बसले. पाठीमागे दाराच्या खुंटीवर मास्तरीणबाईंचा एप्रन लटकत होता. सगळं घर आवरलं गेलं होतं, पण तो काढायला कुणाचा हात धजला नव्हता. मास्तरांनी माशाच्या पोटात लिंबू भरलं, लसूण भरला, आणि मासा उचलला. लिंबू खाली पडलं. पुन्हा भरलं, पुन्हा पडलं. मास्तरांनी माशाचं पोट नीट निरखलं. साफ करणाऱ्यानं ते गळ्यापासून शेपटीपर्यंत कापून तसंच उघडं सोडलं होतं.

"काय ही कामाची पद्धत!" मास्तर म्हणाले आणि सुई-दोरा आणायला उठले.

मासेवाल्याचा मेव्हणा हे करणार नाही, हे त्यांच्या मनातही आलं नाही. उघडी शिवण पन्नास वर्षांत त्यांच्या हातून कधी बाहेर गेली नव्हती. त्यांनी तीन रिळं माशाच्या अंगाला लावून पाहिली. पांढरा उठून दिसत होता, काळा अगदीच सुतकी, राखाडी बेमालूम जुळला.

त्या घरात हातसुईचा एक कायदा होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका न्यायाधीशाच्या कोटाच्या कॉलरमध्ये सुई राहून गेली आणि साहेब भर कोर्टात किंचाळले. तेव्हापासून सुई म्हणून खाली ठेवायची नाही. हातातून हातात, आणि तिथून सुया टोचायच्या उशीत. मास्तर मशीनवर आणि मास्तरीणबाई मागे स्टुलावर काजं-बटणं करत, असा संसार झाला. उशीत सात सुया. रात्री त्या मोजल्याशिवाय बाई ताटं वाढत नसत. त्या गेल्यावर मास्तरांनी हातशिलाईची कामं घेणंच सोडून दिलं होतं.

त्यामुळे अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या हातात सुई आली, ती माशासाठी. पण हात विसरले नव्हते. बारीक, एकसारखे बावीस टाके पडले. दोरा दातानं तोडायला ते वाकले, वास आला, आणि त्यांनी कात्री घेतली. मासा असा दिसत होता, की जणू लग्नाला निघालाय. मीठ, तेल चोळून तो ओव्हनमध्ये गेला. मास्तर शीळ घालत पसारा आवरू लागले, आणि सवयीनं त्यांनी उशीतल्या सुया मोजल्या.

सहा.

पुन्हा मोजल्या. सहाच. मग टेबल पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, फरशीवरून हात फिरवला, शर्टाची कॉलर चाचपली, बाह्या झटकल्या. सुई कुठंच नव्हती. मास्तरांनी सावकाश मान वळवून ओव्हनकडे पाहिलं. काचेमागून मासाही त्यांच्याकडेच बघत होता.

पंचवीस मिनिटांनी त्यांनी मासा बाहेर काढला. भाजला छान होता, हीच पंचाईत. फेकून द्यावा, तर बॅग भरणार. वाढावा, तर जावईबापूंच्या घशात सुई. मास्तर शेजारच्या प्लंबरकाकांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काका, चुंबक आहे का हो?"

"आहे की. मोरीत पडलेले स्क्रू काढायचा. कशात काय पडलं?"

"माशात सुई."

प्लंबरकाकांनी यावर काही विचारलं नाही. त्यांच्या धंद्यात लोकांनी काय कशात पाडलंय याचं नवल करायची सोय नसते. ते चुंबक घेऊन आले आणि ट्रेसमोर उभे राहून म्हणाले, "आमच्या साडूनं एक टाचणी गिळली होती."

"मग?"

"दोन वर्षं जगला."

"अरे देवा! टाचणीनं गेला?"

"नाही, टेम्पोनं. पण दोन वर्षं टाचणीचीच धास्ती."

काकांनी चुंबक माशाजवळ नेला. चुंबक त्यांच्या हातातून निसटला आणि थाडकन लोखंडी ट्रेला चिकटला. मधे माशाची शेपटी सापडली, तिचा चुरा झाला. दोघांनी ओढून तो सोडवला, त्या ओढाताणीत मासा ट्रेवरून टेबलावर आला आणि त्याची मान गेली. मग त्याला काचेच्या ताटात ठेवून चुंबक पुन्हा फिरवला. काही लागलं नाही.

"नाहीये," काका म्हणाले.

"असेल हो. काट्यांत अडकून बसली असेल तर?"

"मग हातानं शोधा. पण मी सांगतो, मास्तर, माशात काटा शोधणारे पुष्कळ पाहिले. सुई शोधणारे तुम्हीच." एवढं बोलून काका चुंबक धुवायलासुद्धा न थांबता निघून गेले.

मास्तरांनी चष्मा लावला आणि कामाचा दिवा ताटावर ओढला. बावीस टाके उसवले. मग माशाचा कणन् कण ते बोटांनी चाचपू लागले. जे टोचलं ते बाहेर काढून दिव्यासमोर धरायचं. काटा. पुन्हा काटा. केसाएवढा, पापणीएवढा, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही असा. पन्नास वर्षं सुईत दोरा ओवणारी बोटं, त्यांच्यातून काय निसटणार? बशीत काट्यांचा ढीग झाला, ताटात भुगा झाला, आणि सुई मिळाली नाही. तेवढ्यात बेल वाजली.

मुलगी आत आली. मागे जावई, आणि जावयाच्या मागे चाकांवरून खडखडत बॅग. ती एवढी मोठी होती, की तिच्यात मास्तर स्वतःसुद्धा मावले असते.

"वास झकास येतोय, बाबा!" मुलगी म्हणाली, आणि ताटाकडे बघून थबकली. "हा... मासा आहे?"

"नवीन पद्धत आहे," मास्तर म्हणाले.

जावई विमा कंपनीत होते. कशात काय बिघडू शकतं, हे त्यांना इतरांच्या आधी दिसे. लहानपणी एक काटा घशात अडकल्यापासून त्यांनी माशाला हात लावला नव्हता. पण सासऱ्यांनी एवढ्या हौसेनं केलंय, म्हणून ते मुकाट्यानं बसले आणि त्यांनी चमचाभर भुगा घेतला.

"काटे नाहीत ना, बाबा?" त्यांनी भीत भीत विचारलं.

मास्तरांना पुढ्यात चमचा दिसत होता, पलीकडे बॅग दिसत होती. गप्प राहावं, असं एक क्षण खरंच त्यांच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लगेच लाज वाटली. त्यांनी झेप घेऊन जावयाचं मनगट पकडलं.

"खाऊ नका! त्यात सुई आहे!"

जावयानं चमचा इतका हळू खाली ठेवला, की आवाजही झाला नाही. "सुई," ते म्हणाले. "माझ्या पॉलिसीत हे बसत नाही."

मग मास्तरांनी सगळंच सांगून टाकलं. टाके, चुंबक, ब्रेड, केळी, सगळं. मुलगी उभ्याची खाली बसली.

"अकरा महिने? रोज ब्रेड आणि केळं?"

"रोज नाही गं, बबडे. एक दिवस केळी संपली होती."

मुलीनं डोळे पुसले. "अरे, बॅग उघड," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबा, तुम्ही काही बोलू नका. आधी मी चार अंडी उकडते, मग कपडे भरू." तिनं खुंटीवरचा एप्रन काढला, क्षणभर नाकाशी धरला, गळ्यात घातला, छातीवरून हात फिरवला, आणि ओरडली, "आई गं!"

तिच्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता. एप्रनच्या छातीवर, राखाडी दोऱ्याच्या तुकड्यासकट, सातवी सुई नीट टोचलेली होती.

"ही इथं कशी आली?"

"काय की," मास्तर म्हणाले. ते खरंच चक्रावले होते. खुर्चीवर बसून त्यांनी आठवून करून दाखवलं. "मी असा बसलो होतो. शेवटची गाठ मारली. कात्रीनं दोरा तोडला. आणि मग..."

त्यांचा उजवा हात आपोआप मागे गेला. त्यांनी मान वळवली नाही, बघितलं नाही. चिमटीत सुई धरल्यासारखा तो हात तिथंच, खुंटीवर एप्रन होता त्या उंचीवर, कुणीतरी ती घेईल म्हणून थांबला.

मास्तरांना आपला हात कुठं गेलाय ते कळलं, आणि त्यांनी तो सावकाश मांडीवर आणून ठेवला.

जावई खाकरले. "म्हणजे," ते म्हणाले, "माशात सुई नाहीये."

"नाही," मुलगी म्हणाली.

"आणि काटे?"

मास्तरांनी बशीतला ढीग दाखवला. जावयानं तो बारकाईनं तपासला, दोनदा ढवळला, आणि चमचा उचलला. पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला. दुसरा डोळे उघडून. मग ते खातच सुटले. मासा गार झाला होता, मीठ जरा जास्त होतं, पण तीस वर्षांनी त्यांच्या पोटात मासा जात होता, आणि सबंध ताटात एक काटा नव्हता. शेवटी त्यांनी ताट पुसून घेतलं. "बाबा, पुढच्या रविवारी पुन्हा कराल?"

मुलगी जेवली नाही. ती बाहेरच्या खोलीत गेली होती. तिथून हातोडीचा आवाज आला. मास्तर जाऊन बघतात तर तिनं मशीनच्या मागे, खुर्चीत बसल्या बसल्या हात पोचेल अशा बेतानं एक खिळा ठोकला होता आणि त्यावर एप्रन अडकवला होता.

"बसून बघा," ती म्हणाली.

मास्तर बसले. हात मागे नेला. बरोबर पोचला.

"हातशिलाईची कामं पुन्हा घ्या," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आणि फोनवर खरं बोला. वाईट असलं तरी खरंच बोला."

बॅग आली तशी रिकामी खडखडत जिना उतरून गेली. मास्तर ती दिसेनाशी होईपर्यंत खिडकीत उभे होते.

सोमवारी संध्याकाळी फोन वाजला.

"काय जेवलात, बाबा?"

"ब्रेड. केळं."

तिकडे एक सुस्कारा ऐकू आला. "बरं. काम?"

"एका कोटाची तुरपाई केली."

"आणि सुई? सुई कुठाय?"

मास्तरांनी वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"तुझ्या आईकडे दिली," ते म्हणाले.