सीट रिझर्व्ह आहे

तमाम जनतेस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, देरा बाजारातले आमचे शेजारी युसुफभाई शिंपी यांनी डांबरी रस्त्याशी संबंध कायमचा तोडला आहे! रस्ता नवाकोरा, धक्क्यापासून थेट बाजारापर्यंत. आणि युसुफभाई त्याच्या कडेने, रेतीतून, सायकल खांद्यावर घेऊन घामाघूम चाललेले. साठच्या दशकातल्या दुबईत, डांबर म्हणजे नवलाई असताना, हा तमाशा मी रोज फुकट बघितला आहे.

भांडण वर्गणीचं. दुकानदारांनी मिळून रस्ता करायचं ठरवलं आणि वर्गणी मागायला करीमसेठ आले, स्वतःच्या मोटारीतून. युसुफभाईंनी मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"सेठ, खड्डे पाडते तुमची मोटार. माझी सायकल फक्त रेघ ओढते. रेघेचे पैसे कसले?"

"मग रस्त्यावर पाय ठेवू नका!"

"खलास! नाही ठेवणार!"

आणि खरंच ठेवला नाही. सेठ मुद्दाम मोटार हळू करून हाक मारायचे, "यल्ला युसुफभाई, या वर!" खालून उत्तर यायचं, "रेती अल्लाची आहे सेठ, तिला वर्गणी नाही!"

दुसरं खूळ सायकलच्या कॅरियरचं. त्यावर हिरव्या मखमलीची गादी, स्वतः शिवलेली. तिच्यावर माणूस काय, कापडाचा तागाही ठेवायचे नाहीत. तागे हँडलला लोंबत. मी एकदा टेकलो, तर केवढ्यानं ओरडले, "उठा! सीट रिझर्व्ह आहे!"

"कुणासाठी?"

"इन्शाल्ला, कळेल."

एके दिवशी मात्र युसुफभाई मुकाट्यानं सेठच्या दुकानात गेले आणि वर्गणी गल्ल्यावर ठेवली.

"मोटार घेतली की काय?" सेठ खिदळले.

"उद्याच्या बोटीनं फातिमा येत्येय," युसुफभाई खाली बघत म्हणाले. "तिचे गुडघे रेतीत नाही चालायचे."

बायकोला रत्नागिरीला ठेवून ह्या माणसाला किती वर्षं झाली, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या अगदी मधोमध सायकल निघाली. मखमलीवर फातिमाभाभी, मांडीवर ट्रंक. युसुफभाई सायकल चालवत नव्हतेच. नवरदेवाचा घोडा धरावा तसं हँडल धरून पायी चालले होते. मागे करीमसेठची मोटार, तिच्यामागे आणखी मोटारी. हॉर्न कुणीही वाजवला नाही. भाभींनी मागे वळून ती रांग बघितली आणि त्या शरमेनं लाल झाल्या.

"अवो, बाजूला घ्या की! रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

सेठनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"त्याच्याच बापाचा आहे, भाभी! तुम्ही बसून राहा!"