दळवींचं धनुष्य पास होत नाही

आमच्या अंबरनाथच्या इमारतीत नवरात्रात गाद्या झटकायला बंदी होती. तीही ऐन दसरा काढायच्या दिवसांत, जेव्हा घराघरातल्या बायका अंथरुणं-पांघरुणं बाहेर काढून बसलेल्या असत. बंदी घातली होती पहिल्या मजल्यावरच्या दळवींनी, कारण त्यांच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर धनुष्य वाळत असे.

धनुष्य पुराणातलं नव्हे, त्यांच्या मुलीचं. बांबूचं, जवळजवळ तिच्याच उंचीचं. शैला कॉलेजात असताना ते घेऊन जिल्ह्यापर्यंत खेळून आली होती.

दळवी कारखान्यात तपासणी खात्यात, मी हिशेब खात्यात. दिवसभर माल 'पास' किंवा 'रिजेक्ट' केल्यावर घरी आलं तरी त्यांना थांबता येत नसे. कलिंगड रिजेक्ट. जावयाची मिशी, फक्त डावी बाजू, रिजेक्ट. आमच्या हिच्या अनारशांना त्यांनी "रीवर्क" सांगितलं, तेव्हापासून ही त्यांना नुसत्या चहावर बोळवते.

दरवर्षी घटस्थापनेला दळवी काचेच्या तुकड्याने धनुष्य खरवडायला बसत. मग पॉलिशपेपर मारायचा, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख मलमलीच्या बोळ्याने एकावर एक हात देत चढवायची. लाख उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडची. एकदा मी सोबत गेलो होतो. तो म्हणाला, "साईं, इतने सालों में तो पूरा बंगला पॉलिश हो जाता." दळवींनी त्याच्या काउंटरवरून बोट फिरवलं आणि काउंटर रिजेक्ट केला.

त्या दिवसांत अख्ख्या जिन्यात स्पिरिटचा वास. माझ्या भाचीला बघायला मंडळी आली, तेव्हा मुलाच्या काकांनी जिन्यातच नाक वर करून मला विचारलं, खालचे घेतात का. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, ते घेत नाहीत, धनुष्याला पाजतात. स्थळ गेलं.

खरवडून झालं की वर माझ्या नावाने हाक येई. दळवींच्या घरी जाडी मोजायचा कॅलिपर होता आणि चष्मा लावूनही त्याच्या रेघा त्यांना दिसत नसत. "भाऊसाहेब, आकडा वाचा." मी वाचायचो. दर वर्षी बांबूची जाडी अर्धा मिलिमीटर कमी. आकडा सरकला की मला स्वस्थ बसवत नाही. मी म्हटलं, दळवी, खरवडायचं ते पॉलिश, मग बांबू का झिजतो? या हिशेबाने आपण निवृत्त होईपर्यंत दात कोरायची काडी उरेल.

"तुम्ही आकडा वाचा," दळवी म्हणाले. "मत नको."

खंडेनवमीला शैला बदलापूरहून, सासरहून येई. लग्नाआधी स्कूटरवरून पडून तिचा उजवा खांदा मोडला होता. हाड बसलं, पण ताकद परत आली नाही. धनुष्याची पूजा झाली की ती उगाच दोरी ओढून बघे. दोरी छातीपर्यंत येई आणि हात थरथरायला लागे. "बाबा, हे आता शोभेचंच," असं हसत म्हणून ती चहा टाकायला आत जाई. मागे दळवी धनुष्य उजेडात धरून पॉलिशमधली खोट शोधत, ती सापडेच. "रिजेक्ट. पुढच्या वर्षी रीवर्क."

मग एका वर्षी आमच्या हिने बंदी मोडली. वरच्या गॅलरीतून गादी चांगली बडवून काढली आणि कापसाचा एक पुंजका तरंगत खाली जाऊन ओल्या लाखेत बसला. मधोमध. खंडेनवमीला मला तो दारातूनच दिसला. मी माफीचं वाक्य मनात जुळवत उभा राहिलो.

पूजा झाली. शैलाने धनुष्य उचललं, दोरी ओढली. ती छातीशी आली, थांबली नाही, हनुवटीला लागली. शैला तशीच एक डोळा मिटून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिली. मग तिने दोरी सावकाश परत नेली; बाण नसताना ती सोडायची नसते.

"बाबा," ती म्हणाली, "माझा खांदा बरा झाला की काय?"

"झाला असेल," दळवी म्हणाले.

ते सगळे अर्धे-अर्धे मिलिमीटर कुठे गेले, तो हिशेब मला तेव्हा लागला: बांबू जितका पातळ, तितकी दोरी ओढायला हलकी. मी तोंड उघडलं. दळवींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

त्यांनी धनुष्य हातात घेतलं, उजेडात धरलं, नेमका त्या कापसावरून अंगठा फिरवला.

"पास."

मग चष्मा पुसत गॅलरीत गेले. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून पुसत राहिले. शेवटी मान वर करून आमच्या हिला हाक मारली.

"वहिनी, झटका आता गाद्या. सगळ्यांना सांगा."

दहा मिनिटांत इमारतभर धबाधब सुरू झालं. त्या धुळीत धनुष्य उघडंच टांगलेलं होतं, आणि दळवी त्याच्याखाली खुर्ची टाकून शिंकत बसले होते.